कोंडिवट्याचें जुनें देऊळ

साकीनाक्यावर एके काळीं भाताचीं खाचरें होतीं, असें आज कोणीं सांगितल्यास ऐकणारा सहसा विश्वास ठेवणार नाहीं. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर मोटारींची न संपणारी रांग, डोक्यावरून २०१४ सालीं सुरू झालेली मेट्रो, दोहों बाजूंस गाळे, गुदामें आणि कारखाने, असा तेथील देखावा आहे. परंतु याच नाक्यापासून दीड-दोन मैलांच्या अंतरावर, एका उंच कुंपणाच्या आंत, काळवंडलेल्या दगडी भिंतींचें एक बिनछपराचें देऊळ अद्यापि उभें आहे. त्याच्या सभोंवार संगणकाचीं कचेरी-घरें आणि जवाहिराचे कारखाने आहेत; तेथें काम करणारे हजारों लोक रोज त्याच्या शेजारून जातात. हें देऊळ हिंदूंचें नसून ख्रिस्ती लोकांचें आहे. वसई-साष्टीकडील ख्रिस्ती समाज आपल्या चर्चला देऊळच म्हणतो, आणि या भाषणांतहि तोच शब्द ठेवणें योग्य होईल.

बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या नांवानें हें देऊळ १५७९ सालीं बांधलें गेलें आणि १८४० सालीं गांवकऱ्यांनीं तें सोडलें. त्या ओसाड भिंतींविषयीं अलीकडे भुताखेतांच्या गोष्टी फार पसरल्या आहेत. पडक्या घरांत भूत नांदतें ही समजूत जुनी आहे व तिजवर रागावण्याचें कारण नाहीं. परंतु भुताच्या गोष्टीला मेलेलीं माणसें लागतात, आणि कोंडिवट्याचे लोक तर आपलें देऊळ बरोबर घेऊन जिवंत निघून गेले होते. तीच गोष्ट येथें सांगावयाची आहे.

तीसाठीं प्रथम साष्टी बेटाची ओळख करून घेतली पाहिजे. वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत आणि ठाण्याच्या खाडीपर्यंत जो भूभाग आज मुंबईचीं उपनगरें म्हणून ओळखला जातो, तो पूर्वीं मुंबईहून वेगळा असून त्यास साष्टी म्हणत. सहासष्ट गांवांची ती साष्टी, अशी या नांवाची व्युत्पत्ति सांगतात. गोव्यांतहि एक साष्टी आहे आणि तिच्याहि नांवाची कथा हीच आहे. त्यामुळें जुने कागद वाचतांना कोणती साष्टी हें पाहून घ्यावें लागतें. मुंबईजवळची साष्टी १५३४ च्या डिसेंबरांत गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें केलेल्या तहान्वयें वसई व मुंबईसह पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या मागोमाग ख्रिस्ती धर्मसंघ आले. बोरिवलीकडे फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनीं आपलें ठाणें केलें. मंडपेश्वरच्या लेण्यांत त्यांनीं देऊळ थाटलें होतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. वांद्र्यापासून मध्य साष्टीपर्यंतचा प्रदेश मुख्यतः जेझुइट पाद्र्यांच्या वांट्यास आला. वांद्र्याचें संत आंद्रूचें देऊळ १५७५ चें, कोंडिवट्याचें १५७९ चें. याच काळांत साष्टीत काम करणाऱ्या जेझुइटांत मानुएल गोमेस या पाद्र्याचें नांव विशेष प्रसिद्ध आहे. मराठी वाचकास १५७९ हें साल आणखी एका कारणानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला आणि पुढें १६१६ सालीं त्याचें मराठी क्रिस्तपुराण गोव्याच्या साष्टींत रायतूर येथें छापून निघालें.

पोर्तुगीजांनीं कोंडिवट्याचें नांव ‘कोंदिता’ असें लिहिलें. गांव तेव्हांहि जुनाच होता. त्याच्या लगतच्या टेकडींत बौद्ध भिक्षूंनीं कोरलेलीं एकोणीस लेणीं आहेत. हल्लीं त्यांना महाकालीचीं लेणीं म्हणतात, आणि त्यांतील चैत्यगृहांत गोल झोंपडीच्या आकाराची कोरीव खोली असून तिच्या आंत स्तूप आहे. भोंवतालीं भातशेती करणारीं, ताडा-माडांवर उपजीविका करणारीं माणसें राहात. हीं माणसें ख्रिस्ती कशीं झालीं, या प्रश्नास एकच उत्तर देणें खरें होणार नाहीं. पोर्तुगीज अमलांत देवळें पाडलीं गेलीं, धर्मांतर करणारांस सवलती मिळाल्या, न करणारांस जाच झाला. हें इतिहासांत नमूद आहे आणि तें झांकण्यांत अर्थ नाहीं. त्याचबरोबर पाद्र्यांनीं लोकांची भाषा शिकून घेतली, मुलांना वाचावयास शिकविलें, आजाऱ्यांची सेवा केली, हेंहि तितकेंच खरें आहे. कोणत्या कुटुंबानें कोणत्या कारणानें डोक्यावर पाणी घेतलें, याचा निवाडा आज चार शतकांनीं करतां येणार नाहीं. पुढें त्या कुटुंबांनीं काय केलें एवढें मात्र दिसतें, आणि या गोष्टींतील खरा रस तेथेंच आहे.

खेड्यांतील असें देऊळ म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा नसे. एका देवळाखालीं जीं गांवें व वाड्या येत, त्या सर्वांचा मिळून एक धर्मग्राम होई. इंग्रजींत यालाच पॅरिश म्हणतात. त्याच्या मुख्य पाद्र्यास विगार म्हणत. दारांतून आंत शिरल्याबरोबर एका बाजूस बाप्तिस्म्याचें दगडी पात्र असे, कारण मूल धर्मांत प्रवेश करतें तें दारापाशीं. समोर टोंकाला वेदी असे, आणि बाहेर आवारांत दफनभूमि व क्रूस. जन्मल्यावर प्रथम पात्रापाशीं, लग्नाच्या दिवशीं वेदीसमोर आणि अखेरीस आवारांत, असा प्रत्येक गांवकऱ्याचा प्रवास त्या चार भिंतींच्या आंतबाहेर होई. घंटा वाजली कीं शेतांतल्या माणसाला वेळ कळे. ज्या काळीं खेड्यांत घड्याळ नव्हतें त्या काळीं ही सोय लहान नव्हती.

याहून महत्त्वाची वस्तु म्हणजे देवळाची वही. इटलींतील ट्रेंट येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असा नियम केला कीं, प्रत्येक विगारानें बाप्तिस्म्यांची आणि विवाहांची नोंद ठेवलीच पाहिजे. कोंडिवट्याचें देऊळ या नियमानंतर अवघ्या सोळा वर्षांनीं उभें राहिलें. ज्या शेतकऱ्याच्या नांवाचा उल्लेख सरकारी दप्तरांत सारा भरण्यापुरताच व्हावयाचा, त्याच्या बायकोचें आणि लेंकरांचें नांव धर्माज्ञेनें लिहून ठेवण्याचा हा प्रघात होता. आडनांवेंहि या व्यवहारांतच आलीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता जो कोणी असेल त्या पोर्तुगीजाचें आडनांव मुलास मिळण्याची चाल होती. म्हणून अस्सल मराठी बोलणाऱ्या कुटुंबांचीं आडनांवें परेरा, डिमेलो, फर्नांडिस अशीं दिसतात. आडनांवावरून कोणीं या लोकांस परदेशी समजूं नये. घरांत बोली मराठीची, बायकांचें नेसणें लुगड्याचें, लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचें पाणी’ आणण्याचा विधि, भाताच्या पहिल्या लोंब्या देवळांत नेऊन आशीर्वाद घेण्याचा आगेऱ्याचा सण, हें सर्व याच मातींतलें आहे. कुळंबी, कोळी, भंडारी हे मूळचे भेदहि धर्म बदलल्यानें नाहींसे झाले नाहींत. लग्नें जुळवितांना ते फार काळपर्यंत पाळले जात.

आतां १७३७ सालाकडे यावें. त्या वर्षीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि साष्टी त्यांच्या हातीं आली. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला जिंकला आणि उत्तर कोंकणांतील पोर्तुगीज सत्ता संपली. वसईच्या शरणागतीच्या कलमांत, मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यांत आली होती. परंतु देवळांमागें असलेली राज्याची पाठराखण गेली, त्यांस लावून दिलेलें उत्पन्न गेलें आणि यूरोपियन पाद्रीहि निघून गेले. किल्ल्यांतील श्रीमंत मठ उघडे पडले व आज वसईस त्यांच्या भिंती तेवढ्या दिसतात. पोर्तुगीज गेल्यावर खेड्यांतील देवळेंहि ओस पडावयास हवीं होतीं, असा तर्क कोणीहि करील.

घडलें वेगळें. गोव्याहून आलेल्या आणि येथल्याच देशी पाद्र्यांनीं गांवोगांवचे धर्मग्राम चालू ठेवले. १७६० सालीं आंक्तिल द्यु पेराँ हा फ्रेंच विद्वान कान्हेरीचीं लेणीं पाहण्यासाठीं साष्टींतून गेला. पारशांचा अवेस्ता यूरोपियन भाषेंत प्रथम आणला तोच हा गृहस्थ. त्यास येथें देशी पाद्री उपासना चालवितांना आढळले आणि ठाण्याच्या देवळांत सणासाठीं मोठा समुदाय जमलेला दिसला. पोर्तुगीज ध्वज उतरून तेव्हां वीस वर्षें उलटलीं होतीं. त्यापुढें १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. राज्यें अशीं दोन वेळां बदललीं, तरी कोंडिवट्याची घंटा चालूच होती.

येथें थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. देऊळ बांधल्यापासून पोर्तुगीज जाईपर्यंत १६० वर्षें झालीं. पोर्तुगीज गेल्यापासून देऊळ सोडीपर्यंत १०१ वर्षें झालीं. म्हणजे या देवळाच्या चालत्या आयुष्यांतील पांचांतले जवळजवळ दोन भाग असे आहेत कीं, ज्या काळांत त्यास बांधणाऱ्यांचा आधार मुळींच नव्हता. मागें राज्याचें बळ नसतांना, भाताच्या कणग्या आणि चार पैशांची वर्गणी यांवर शेतकऱ्यांनीं तें शंभर वर्षें चालविलें. या इमारतीस सर्रास ‘पोर्तुगीज अवशेष’ म्हटलें जातें. तें बांधणीपुरतें खरें, पण तेवढ्यावर थांबणें कोंडिवट्याच्या लोकांवर अन्याय करणारें आहे.

मग १८४० सालीं तें कां सोडलें? कारण साथ. साथ म्हटली कीं मुंबईकरास प्लेग आठवतो. पण मुंबईचा तो प्रसिद्ध प्लेग १८९६ चा, या घटनेनंतर छप्पन वर्षांनीं आलेला. १८४० च्या सुमारास खेड्यांचा संहार करणाऱ्या व्याधि म्हणजे पटकी, देवी आणि हिंवताप. पटकीनें १८१७ पासून हिंदुस्थानांत थैमान मांडलें होतें. तिचा जंतु कॉक यानें ओळखला तो १८८४ च्या सुमारास. हिंवताप डांस पसरवितो हें रॉस यानें दाखविलें १८९७ सालीं. कोंडिवट्याच्या शेतकऱ्याला यांतलें कांहींच कळणें शक्य नव्हतें. एका घरांतून दुसऱ्या घरांत मरण जात आहे आणि जागा बदलली तर कदाचित् तें मागें राहील, एवढेंच त्याला समजे. आपल्या देशांत हा उपाय नवा नाहीं. प्लेगच्या दिवसांत महाराष्ट्रांतील गांवेंच्या गांवें घरांना कुलुपें लावून माळावर झोंपड्यांत राहावयास जात, ही आठवण कित्येक घराण्यांत आजहि सांगितली जाते. गढूळ विहीर किंवा सांचलेलें पाणी यांपासून माणसें दूर गेलीं कीं पुष्कळदां साथ खरोखरच हटे. उपाय बरोबर होता. त्यामागील कारण पुढें पन्नास वर्षांनीं कळलें.

फरक इतकाच कीं, माळावरचे लोक साथ ओसरल्यावर परत येत; कोंडिवट्याच्या देवळाभोंवतीचे लोक परतले नाहींत. त्या वेळचे विगार जुझे लोरेंसु पाइस यांनीं आपल्या लोकांस जवळच्या मरोळ गांवीं नेलें आणि तेथें नवें देऊळ उभें केलें. नेतांना जुन्या देवळांतील मूर्ति, पवित्र अवशेष, बाप्तिस्म्याचें पात्र आणि कित्येक खांबसुद्धां मरोळास नेले. यांपैकीं पात्र नेणें ही गोष्ट विशेष अर्थाची आहे. ज्या दगडी पात्रावर बापाचा आणि आज्याचा बाप्तिस्मा झाला त्याच पात्रावर नातवाचा व्हावा, म्हणजे धर्मग्राम अखंड राहिला, अशी त्यामागील भावना दिसते. हिंदु कुटुंब घर बदलतांना देव्हारा आधीं हलवितें, त्यांतलाच हा प्रकार. खांब नेण्यांत मात्र शेतकऱ्याचा साधा हिशेब असला पाहिजे. घडलेला दगड महाग असतो, आणि तो पुन्हां लावतां येतो.

नव्या देवळास योहानाचेंच नांव मिळालें, पण योहान दुसरा. ख्रिस्ती परंपरेंत योहान नांवाचे दोन मोठे संत आहेत. पहिला, येशूला यार्देन नदींत बाप्तिस्मा देणारा आणि पुढें हेरोद राजाच्या आज्ञेनें ज्याचा शिरच्छेद झाला तो. त्याचा सण २४ जूनला येतो. दुसरा, येशूच्या बारा शिष्यांपैकीं, ज्याच्या नांवावर चौथें शुभवर्तमान आहे तो. त्याचा सण २७ डिसेंबरला. कोंडिवट्याचें देऊळ पहिल्या योहानाचें, मरोळचें दुसऱ्याचें. लिहिणारे पुष्कळदां या दोहोंची गल्लत करून मरोळची इमारत १५७९ ची ठरवितात, ती चूक टाळावयास हवी. इमारत १८४० नंतरची आहे. धर्मग्राम मात्र १५७९ पासूनचा आहे.

माणसें गेल्यावर इमारतीचें काय होतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. या बाजूचीं जुनीं देवळें काळ्या दगडाच्या व चुन्याच्या जाड भिंतींचीं असत. भिंती सहजासहजीं ढासळत नाहींत. नाजूक भाग छपराचा. तें लांकडी वांशांवर कौलें रचून केलेलें असे, आणि कौलारू छपराला दरवर्षीं मृगापूर्वीं शाकारणी लागते. फुटकीं कौलें बदलावीं लागतात, सरकलेलीं नीट बसवावीं लागतात. साष्टींत पाऊस वर्षाला नव्वद इंचांच्या आसपास पडतो. दोन-चार पावसाळे शाकारणी चुकली कीं पाणी वांशांच्या टोंकांत मुरतें, भिंतींत घुसलेलीं तींच टोंकें आधीं कुजतात, आणि एखाद्या श्रावणांत सबंध छप्पर खालीं येतें. त्यानंतर भिंतींचे माथे उघडे पडतात. पक्ष्यांनीं टाकलेलीं वड-पिंपळाचीं बीजें तेथें रुजतात आणि मुळें चुन्याच्या सांध्यांतून खालीं उतरतात. मुळांनीं प्रथम दगड धरून ठेवावा आणि मग तोच फोडावा, असा त्यांचा दुहेरी व्यवहार असतो. कोंडिवट्यास आज जी दर्शनी भिंत, कमानी आणि बाजूच्या उंच भिंती उभ्या दिसतात त्या या सर्वांतून वांचलेल्या आहेत. आंत गेलेला मनुष्य वेदीच्या जागीं उभा राहिला तर त्याच्या डोक्यावर आकाश असतें.

गांवकऱ्यांनीं देऊळ सोडलें, पण टाकलें नाहीं. मरोळ आणि शेजारच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबांचें त्या जागेकडे जाणें-येणें राहिलें. वर्षांतून एकदां तेथें मिस्सा होई. २४ जूनचा सण म्हणजे आर्द्रा नक्षत्राचे दिवस. बिनछपराच्या देवळांत त्या दिवसांत मिस्सा करणें कठीण, आणि शेतकरी तर तेव्हां चिखलांत गुंतलेला. तेव्हां जुन्या देवळाची यात्रा पावसाळ्यापूर्वीं मे महिन्यांत व्हावी, हें साहजिकच आहे.

दरम्यान या समाजाच्या जीवनांत मोठे फेरफार झाले. १८५३ नंतर आगगाड्या आल्या, मुंबईंत कचेऱ्या वाढल्या, आणि नोकरीसाठीं गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्ती मोठ्या संख्येनें येऊं लागले. त्यांची आडनांवेंहि पोर्तुगीजच असल्यामुळें साहेबाच्या लेखीं सारे एकच. आपण मूळचे येथलेच आहों हें दाखविण्यासाठीं साष्टी-वसई-मुंबईच्या ख्रिस्ती लोकांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें आणि राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षीं, १८८७ सालीं, आपली संस्था स्थापन केली. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यानें आपलें मराठीपण सिद्ध करण्यासाठीं एका इंग्रज व्यापारी कंपनीच्या नांवाचा आधार घ्यावा, हा इतिहासाचा चमत्कार म्हणावा लागेल. १८९६ च्या प्लेगानें गांवोगांवीं नवे क्रूस उभे राहिले. मुंबईच्या जुन्या गल्ल्यांतील पुष्कळ क्रूस त्या सालापासूनचे आहेत. साष्टींतील बऱ्याच देवळांचा धार्मिक कारभार गोव्याच्या आर्चबिशपाकडून १८८६ नंतर दमणच्या धर्मप्रांताकडे गेला आणि १९२८ सालीं तो धर्मप्रांत संपुष्टांत आल्यावर मुंबईकडे आला.

खरा पालट स्वातंत्र्यानंतरचा. १९४९ सालीं शेजारीं आरेची दूध-वसाहत आली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि मरोळ-कोंडिवट्याच्या शेतजमिनी कारखान्यांसाठीं घेण्यांत आल्या. भाताचीं खाचरें बुजवून रस्ते आंखले गेले. १९७३ सालीं केंद्र सरकारनें याच पट्ट्यांत निर्यातीचा माल करणाऱ्या कारखान्यांसाठीं एक बंदिस्त क्षेत्र निर्माण केलें. गुजरातेंतील कांडल्यानंतरचें हें देशांतील दुसरें. प्रथम तेथें विद्युत्-उपकरणें तयार होत. पुढें हिऱ्यामोत्यांच्या दागिन्यांचा धंदा आला, मागाहून संगणकाचा. लोक त्यास ‘सीप्झ’ म्हणतात, आणि त्या अक्षरांतील पहिलें अक्षर ‘सांताक्रूझ’ या शब्दाचें आहे. जागा अंधेरींत असून नांव सांताक्रूझचें. आणि सांताक्रूझ म्हणजे पोर्तुगीज भाषेंत पवित्र क्रूस. ज्या कुंपणाच्या आंत हें देऊळ कोंडलें गेलें त्यास क्रूसाचेंच नांव असावें, हा योगायोग नामकरण करणाऱ्यांच्या ध्यानींमनींहि नसेल.

बंदिस्त क्षेत्र म्हणजे जकातीच्या दृष्टीनें जणूं परदेश. आंत येणारा माल करमाफीचा, तेव्हां फाटकावर पहारा आणि परवान्याशिवाय प्रवेश नाहीं, हा नियम समजण्यासारखा आहे. सोनें-हिऱ्यांच्या कारखान्यांत कोणासहि मोकळें सोडतां येत नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, ज्यांच्या पूर्वजांचीं हाडें त्या आवारांत आहेत त्यांनाहि तेथें जाण्यास परवानगी लागूं लागली. एरव्हीं बंद असलेलें हें देऊळ मे महिन्यांतील एका रविवारीं भाविकांसाठीं खुलें होतें. त्या दिवशीं मरोळकर आणि आसपासच्या गांवठाणांतील कुटुंबें येतात, म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर बसविलें जातें, आणि पडक्या भिंतींमध्यें मिस्सा होतो. उरलेले दिवस कुंपणाचे आणि भुताच्या गोष्टींचे. ज्या जागेला लोक नीट पाहूं शकत नाहींत तिच्याविषयीं अफवा वाढतात, हें सांगावयास पंडित नको.

येथें एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. धर्मग्रामाला आज कसलाहि धोका नाहीं. तो मरोळास सुखरूप आहे. धोका आहे तो इमारतीस. तिच्यावर पुन्हां छप्पर घालून तिला नवी करावी, अशी उत्साही सूचना अधूनमधून कानीं येते. परंतु अशा जीर्णोद्धारांत सीमेंटचा मारा होतो, आणि चुन्याच्या भिंतीस सीमेंट मानवत नाहीं. चुना ओल आंत घेतो आणि बाहेर सोडतो. सीमेंट ती कोंडून ठेवतें, आणि मग दगडच झिजूं लागतो. पडझड आहे तशी थांबविणें हेंच काम मोठें आहे. भिंतींच्या माथ्यावर चुन्याचा थर देऊन पाणी मुरणें बंद करावें, सांधे चुन्यानेंच भरावे. झाडें एकदम उपटूं नयेत; उपटल्यास मुळांबरोबर भिंत येते. तीं कापून, मुळें जागच्या जागीं मारून, मग पोकळी भरावी लागते. या कामास पैसा लागेल, पण दरसाल तेथून कोट्यवधींचा माल परदेशीं जातो, त्या मानानें तो क्षुल्लक आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरांत भुयारी मेट्रो सुरू झाली आणि तिचीं मरोळ नाका व सीप्झ हीं दोन्हीं स्थानकें एकाच मार्गावर आलीं. १८४० सालीं खांब आणि पात्र लादून लोक जो रस्ता चालून गेले, तो आतां जमिनीखालून कांहीं मिनिटांत कटतो. तेव्हां जिज्ञासूंस पोहोंचणें सोपें झालें आहे. फाटकापाशीं मात्र थांबावें लागतें. महिन्यांतून एखादा रविवार शाळांच्या मुलांसाठीं पहाऱ्यासह खुला ठेवतां आला तर कारखान्यांचें कांहीं बिघडणार नाहीं, आणि लेणीं, देऊळ व यंत्रशाळा असे दोन हजार वर्षांचे तीन थर मुलांना एका सकाळीं पाहावयास मिळतील. तें होईल तेव्हां होवो. मे महिन्यांत मिस्सासाठीं आवार झाडून काढतातच. त्याच वेळीं भिंतींच्या माथ्यावरचीं पिंपळाचीं रोपें लहान आहेत तोंवर काढून घेतलीं, तर शाकारणीऐवजीं निदान एवढी तरी सेवा देवळाला दरसाल मिळेल.